दोन फवारण्या झाल्या, तरी उरलेलं हे गवत कोणतं?

प्रश्न पारोळ्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. काळी जमीन, ठिबकवरचा कापूस. आधी पायरिथायोबॅक मारलं, रुंद पानांचं तण बसलं. नंतर क्विझालोफॉप मारलं, गवत पिवळं पडून गेलं. तरी दोन प्रकारचं हिरवं उरलंच. एक टोकदार पातीचं, जागोजागी पट्टे धरून. दुसरं लोळणारं, निळ्या फुलाचं. फोटो चौघांना दाखवला तर चौघांनी चार नावं सांगितली, आणि दुकानदार म्हणाला, "सगळंच मारणारं देतो, घेऊन जा." आता भाऊ विचारतात की हे नक्की काय आहे, आणि पुढच्या वर्षी फूल यायच्या आत, दोन-तीन पानांवर असतानाच ते ओळखायचं कसं.

भाऊ, अर्धं उत्तर तुमच्या फवारणीनेच दिलंय. एक औषध रुंद पानांच्या तणासाठी, दुसरं गवतासाठी. दोन्हींतून जे निसटलं ते बहुतेक या दोन्ही घरांतलं नाही. आपण मात्र पातळ पान दिसलं की गवत म्हणतो आणि पसरट दिसलं की रुंद पानाचं म्हणतो. घोटाळा तिथेच होतो.

फोटोत पट्ट्यानं उभं आहे तो नागरमोथा, म्हणजे लव्हाळा. लोळणारा तो केना. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, शेतात जाऊन स्वतः बघा. मी तीस वर्षं बांधाबांधानं हिंडलो, त्यात एवढं कळलं की वरून काढलेल्या फोटोवर तण ओळखू नये. आणि नावावर तर मुळीच विसंबू नये. एका गावचं गोखरू म्हणजे जमिनीलगत पसरणारा सराटा असतो, तर दुसऱ्या गावी कंबरेएवढ्या शंकेश्वराला गोखरू म्हणतात. दुधी म्हणून तर पाच झाडं दाखवतील. नाव बदलतं, झाडाची घडण बदलत नाही. म्हणून कुठलंही तण दिसलं की त्याला दोन गोष्टी विचारायच्या: पुढच्या वर्षाचं भांडवल तू कुठे ठेवलंस, आणि तुझा वाढीचा डोळा, म्हणजे नवी फूट निघते ती जागा, कुठे आहे? या दोन्ही गोष्टी कळायला खुरपं लागतं.

नागरमोथ्यापासून सुरू करू. त्याची दांडी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून फिरवा. गवताची कांडी गोल असते, चिमटीत सुरळीत फिरते, मध्ये पेरं लागतात, बहुतेक गवतांत आतून ती पोकळ असते. नागरमोथ्याची दांडी अडखळत फिरते, कारण तिला तीन धारा आहेत. आतून भरीव, आणि मध्ये पेरं नाही. गवताची पानं दोन ओळींत येतात, याची तीन. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण हाताला कळलं ते अमळनेरकडे निंदणीला आलेल्या एका म्हाताऱ्या मावशीमुळे. त्यांना दिसायचं कमी. पातीत, म्हणजे निंदायच्या आपल्या ओळीत, बसून एकेक रोप चिमटीत फिरवायच्या, गोल लागलं की उपटायच्या, अडखळलं की खुरपं खोल घालायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "हाई उपटीसन जावाव नही, भाऊ." बाकीच्या बाया सगळं एकाच हातानं ओढत होत्या. पंधरा दिवसांनी त्यांच्या पातीत नागरमोथा परत उभा होता, मावशींच्या पातीत तुरळक.

उपटून का जात नाही? एक रोप खणून काढा, वीतभर बाजूची माती धरून, आणि बादलीत बुडवून हळूच धुवा. दांडीच्या बुडाशी कांद्यासारखा फुगीर भाग दिसेल. त्यातून पांढरा, पुढे तपकिरी होत जाणारा तारेसारखा धागा निघतो, त्याच्या टोकाला काळपट गाठ, तिथून पुन्हा धागा, पुन्हा गाठ. माळच असते. ओढलं की वरची दांडी हातात येते आणि माळ जमिनीत राहते. या माळेत एक मेख आहे. सलग असते तोवर त्यातल्या पुष्कळ गाठी झोपलेल्या असतात, कारण पुढची फुटलेली गाठ मागच्यांना दाबून ठेवते. तुम्ही रोटाव्हेटर मारून माळेचे दहा तुकडे केलेत की दबाव गेला आणि दहाच्या दहा गाठी फुटल्या. "रोटर मारल्यावर मोथा वाढला" ही तक्रार मी शंभरदा ऐकली असेल. ती खरी आहे.

त्याचा तपकिरी तुरा कापून बी पडू देत नाही असं काही जण सांगतात. तुरा दिसतो छान, पण त्याच्या बियांतून उगवणारं फार थोडं. याचा सगळा संसार गाठींवर. फूट वर आल्यापासून महिन्याभराच्या आत नवीन गाठी धरू लागतात. म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी खोलून काढणं चालू ठेवलं तर जुनी गाठ स्वतःचं पीठ खर्चून थकते आणि नवी भरत नाही. एक खेप चुकवली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. गाठीला सगळ्यात जास्त भीती वाळण्याची. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन आयतं औषध आहे. पीक निघाल्यावर खोल नांगरट करून ढेकळं तशीच तापू द्यायची, पुन्हा वखरून खालच्या गाठी वर आणायच्या, परत तापू द्यायच्या. कोरडवाहू रानात हे जमतं. रावेर-यावलकडच्या केळीत मात्र पंचाईत होते, कारण पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली मृगबाग असो की नंतर लावलेली कांदेबाग, भर उन्हाळ्यातही ठिबकच्या प्रत्येक ड्रिपरखाली ओलं वर्तुळ असतं आणि त्या वर्तुळात नागरमोथा हिरवागार. तिथे तो शिरतोही बरेचदा केळीच्या कंदाला चिकटलेल्या मातीतून किंवा बाहेरून आणलेल्या गाळातून. गाळाची ट्रॉली उतरवण्याआधी चार ढेकळं फोडून बघायची सवय लावा. गाठ सापडली आणि ती फोडून हुंगली की ओळख पटते. हाच सुगंधी नागरमोथा दिवाळीत उटण्यात घालायला आपण काष्टौषधीच्या दुकानातून पैसे मोजून आणतो.

पाणथळ कोपऱ्यात अजून एक लव्हाळा असतो. दांडी त्रिकोणीच, तुरा पिवळट, पण खणलं तर गाठ नाही, नुसती तंतुमुळं. तो बियांवर जगणारा, एका हंगामाचा. उपटला की संपला. वरून दोघं भाऊ दिसतात, खाली बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

आता केना. पान लांबट-पसरट म्हणून तो रुंद पानांच्या यादीत टाकला जातो. पण बी उगवताना त्याला एकच बीजपत्र, म्हणजे बियातलंच पहिलं पान, असतं, म्हणजे तो गवताच्या बाजूचा एकदल, तरी गवतही नव्हे. गवताचं औषध त्याला लागत नाही आणि रुंद पानांच्या औषधालाही तो पुरता दाद देत नाही. ओळखायचं तर पान जिथे खोडाला बिलगतं तिथे बघा. पानाची नळी खोडाभोवती गुंडाळलेली असते आणि तिच्या तोंडाशी तांबूस केस असतात. फूल निळं, सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. ते दुमडलेल्या नरसाळ्यासारख्या हिरव्या पानातून डोकावतं.

पण केन्याची खरी गंमत खाली आहे. आठ-दहा आठवड्यांचं एक झाड मुळासकट काढून धुतलंत तर बुडातून निघालेले पांढरे धागे दिसतील, जमिनीच्या आत आडवे गेलेले, आणि त्यांना छोट्या पांढुरक्या पिशव्या. ती फुलं आहेत! जमिनीखालची, कधीच न उघडणारी. तिथल्या तिथे स्वतःच फळतात आणि वरच्यापेक्षा मोठं बी तयार करतात. उगवणीपासून सहा-सात आठवड्यांत हा उद्योग सुरू होतो. तुम्ही वर निळं फूल दिसण्याची वाट बघत बसता तोवर पुढच्या वर्षाची पेरणी झालेली असते. शिवाय खोडाचं प्रत्येक पेर ओल्या मातीत मूळ धरतं. कोळप्यानं तुकडे करून पावसाळी दिवसात तसंच टाकलं तर तुम्ही केन्याची लागवडच केलीत. काढायचा तर पहिल्या महिन्यात, आणि काढलेला बांधावर नाही, गोठ्यात न्यायचा.

दुकानदाराच्या "सगळंच मारणाऱ्या"बद्दल एवढंच. ते बहुधा ग्लायफोसेट असतं. उभ्या साध्या बीटी कापसावर उडालं तर कापूस जातो, आणि केना तर त्यालाही बराच चिवट आहे. शिवाय 2022 साली केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता मर्यादित केलाय. तो विषय इथेच सोडू.

तुमचा दुसरा प्रश्न मोठा आहे, लहानपणीच ओळखण्याचा. बी उगवतं तेव्हा आईने बांधून दिलेली शिदोरी सोबत घेऊन येतं. ती म्हणजे बीजपत्रं, पहिली दोन पानं. पुढची पानं एकमेकांसारखी दिसतील, पण बीजपत्रांवरून घराणं बरंचसं कळतं. कापसाची तुम्हाला माहीतच आहेत, रुंद, मूत्रपिंडासारखी. पेटारी ही कापसाचीच चुलत बहीण, तिची बदामाच्या आकाराची, लहान आणि लवदार. माठ, काटेमाठ, कुंजर यांची बारीक लांबट, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ती एकमेकांपासून वेगळी काढण्याच्या फंदात मी पडत नाही, औषध-पाणी सारखंच. रानातल्या निळ्या-गुलाबी फुलाच्या वेली, पिकावर चढणाऱ्या, त्यांचं बीजपत्र मधोमध खोल चिरलेलं, पंख उघडलेल्या फुलपाखरासारखं. शंकेश्वराची जाड, मांसल, भाल्याच्या पात्यासारखी लांब. ही मात्र नीट ओळखून ठेवा, कारण बीजपत्रांवरचं शंकेश्वर गुरांना विषारी आहे. पहिल्या पावसानंतर नाल्याकाठी चारायला सोडलेली गुरं कोवळं म्हणून खातात. त्याच्या एका काटेरी फळात दोन बिया असतात, एक लवकर उगवते, दुसरी मागे राहते, बरेचदा पुढच्या वर्षापर्यंत. यंदा सगळं उपटलं तरी पुढच्या वर्षी असतंच, ते यामुळे. बी मोठं म्हणून ते दोन-तीन इंच खोलूनही वर येतं, आणि पेरणीनंतर लगेच, तण उगवायच्या आधी मारलेल्या पेंडीमिथॅलिन या तणनाशकाचा थर वरच्या वर राहतो. माठाचं बी राईहून बारीक, ते अगदी वरच्या थरातूनच उगवतं, म्हणून त्याच पेंडीमिथॅलिननं साफ होतं. औषध तेच, जमीन तीच, फरक बियाच्या आकाराचा.

आणि बीजपत्रं दिसलीच नाहीत तर? तीच सगळ्यात मोठी खूण, आणि ती न बघितल्याची किंमत मी मोजलीय, म्हणजे दुसऱ्याला मोजायला लावलीय. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याच्या हरभऱ्यात हरणखुरी आली होती. पान हरणाच्या खुरासारखं, मागे दोन टोकं, फूल पांढरं-गुलाबी. चांदवेलही म्हणतात तिला. कोंब दोन इंचांचे होते. मी ऐटीत सांगितलं, कोवळी रोपं आहेत, कोळपं फिरवा. एकही कोंब मी खणून बघितला नाही. बघितला असता तर दिसलं असतं की बुडाशी बीजपत्रं नाहीत, त्यांच्या जागेचा वणही नाही, आणि खाली दोरीसारखं पांढरं मूळ सरळ पाताळात गेलंय. ती रोपं नव्हतीच, जुन्या मुळाचे धुमारे होते. कोळपं, वखर, पुन्हा कोळपं यांनी मुळाचे तुकडे शेतभर ओढले गेले. पुढच्या रब्बीला त्या शेतकऱ्याने मला बोलावून नेलं आणि काही न बोलता बांधावर उभं केलं. एका वाफ्यातली हरणखुरी चार वाफ्यांत झाली होती.

कुंदा या खोल कांड्यांच्या गवताचंही तसंच. तापीकाठच्या खोल काळ्या रानात ज्यांची जमीन आहे त्यांना कुंदा काय ते सांगायला नको. त्याची कांडी नांगराच्या फाळाच्या खाली पसरलेली असते, वरून कितीही खरवडा. पूर्वी उन्हाळ्यात मजूर लावून कुदळीनं कुंदा खणून काढायचे आणि ढीग करून जाळायचे, त्याला दुसरा इलाज नव्हता. हरळीचं निदान निम्मं भांडवल तरी डोळ्यांसमोर असतं, जमिनीवर पळणारे दोर आणि पेरापेराला मूळ.

पट्टा की तुरळक, हेही बघत जा. जे गाठीनं, कांडीनं किंवा मुळानं पसरतं ते गोल पट्टा धरतं आणि दरवर्षी कडेनं वाढतं. जे बियांनी पसरतं ते शेतभर विखुरतं किंवा पाण्याच्या वाटेनं ओळीत उगवतं. बांधावर उभं राहून, वाकायच्याही आधी, एवढं कळतं.

गवतांची लहानपणची ओळख अवघड, हे मी मान्य करतो. फार तर एक भिंग घ्या, शाळेच्या मुलांचं चालेल. पान खोडापासून हळूच मागे वाकवा आणि सांध्यात आतल्या बाजूला बघा. हरळीला तिथे बारीक केसांची कड असते. बरूला, म्हणजे ज्वारीसारख्या दिसणाऱ्या रानगवताला, पातळ पापुद्रा. पाखड या गवताला तिथे काहीच नाही, गुळगुळीत, आणि असं दुसरं गवत आपल्याकडच्या खरिपात क्वचित. मागच्या पिकाची ज्वारी आणि बरू यांत गोंधळ होतो तेव्हा मी भिंगही काढत नाही. रोप मातीसकट उचलतो. मुळाशी दाण्याचं टरफल चिकटलेलं असेल तर त्याच्या आकारावरून कळतं, ज्वारीचं टपोरं, बरूचं बारीक. टरफलच नसेल आणि खाली जाड कांडी असेल तर जुना बरू.

वाढीचा डोळा कुठे आहे ते यासाठी बघायचं, की त्यावर कोळपं चालेल का ते ठरतं. रुंद पानाच्या रोपात डोळा शेंड्याला आणि पानांच्या बगलेत असतो. कोळप्याची पास, म्हणजे खालचं पातं, बीजपत्रांच्या खालून गेली तर रोप संपलं. वरून गेली तर बगलेतले डोळे फुटून एकाचे दोन शेंडे होतात. गवताचा डोळा सुरुवातीला मातीशी टेकलेला, पानांच्या नळीत लपलेला असतो. बकरीनं शेंडे खाल्ले तरी ते पुन्हा वर येतं. त्याला मुळाखालूनच उचलावं लागतं आणि वर ऊन लागतं. ढगाळ दिवसाची कोळपणी म्हणजे गवताची जागा बदलणं. घोळ तर कापून टाकलेलीसुद्धा अंगातल्या पाण्यावर दिवसचे दिवस जगते, पडल्या पडल्या बी पिकवते. ती पाटीत भरून घरी न्यावी, डाळ घालून भाजी करावी.

गाजर गवताचं वेगळं सांगायला नको, 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आता सालभर, ओल मिळेल तेव्हा उगवतं. फक्त ते जमिनीला चिकटलेल्या पानांच्या चकतीसारखं असतं तेव्हाच काढा, हातात काही घालून. पांढरी फुलं आल्यावर उपटणं म्हणजे बी पेरत चालणं.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या फेरपालटीशी तिचा संबंध आहे. तुमच्याकडे आजोबांच्या काळी कापूस आणि ज्वारी आलटून-पालटून असायची. ज्वारीत टारफुला यायचा, वीतभर उंच, नाजूक, पांढऱ्या फुलाचा. दिसायला निरुपद्रवी. त्याचं बी धुळीसारखं, वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं आणि मनानं उगवत नाही. शेजारी यजमान पिकाचं मूळ आलं आणि त्यातून विशिष्ट द्रव्य झिरपलं, तरच उगवतं. उगवल्यावर ज्वारीच्या मुळात तोंड खुपसून काही आठवडे जमिनीखालीच शोषत राहतं. वर फूल दिसलं तेव्हा कणसाचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

ते जागं करणारं द्रव्य 1966 साली शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि कशातून, तर कापसाच्या मुळांतून. ज्वारीच्या नव्हे! कापूस टारफुल्याला उठवतो, पण त्याच्या मुळाला टारफुला चिकटू शकत नाही. उठलेलं बी यजमान न सापडल्यामुळे चार-आठ दिवसांत उपाशी मरतं. आजोबांना द्रव्य माहीत नव्हतं, "कापसाच्या बेवडावर ज्वारी साफ येते", म्हणजे आधी कापूस असलेल्या रानात, एवढं माहीत होतं. आता बरेच जण कापसावर कापूस घेतात किंवा ज्वारी-मका-बाजरी एकामागून एक, आणि ही शेवटची तिन्ही टारफुल्याला चालणारी पिकं आहेत. तुमच्या दुसऱ्या तुकड्यात तुम्ही मक्यानंतर दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, घेणार म्हणून लिहिलंय. तिथे मागे कधी टारफुला होता का, ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. असेल तर मध्ये एक कापूस टाका.

आणि पुढचा फोटो वरून नको. झाड खणून, मुळं धुऊन, कोरड्या पांढऱ्या गोणीवर ठेवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. सोबत लिहा: पट्टा किती पावलांचा, कधी पहिल्यांदा दिसलं, आणि आधी त्या जागी पीक कोणतं होतं.